भिंत पांढरी ठेव, म्हणालास

खडकवाडी, पोस्ट तामलवाडी
२८ मार्च १९८४

प्रिय पिराजी,

सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड काल दुपारी मिळालं. म्हणजे माझ्या हातात दुपारी आलं. त्याआधी ते पोस्टमननं बलभीमला वाचून दाखवलं होतं, आणि बलभीमनं दूध घालायला आलेल्या सगळ्यांना. बलभीम म्हणजे आता आपल्या दूध संस्थेचा सेक्रेटरी, तुला तो नाक ओढत फिरणाराच आठवत असेल. त्यामुळं तू तेरा एप्रिलला येणार, तुझ्याबरोबर मुंबईच्या गॅलरीच्या बाई आणि एक फोटोवाला असणार, आणि चौदाची जयंती करूनच परत जाणार, हे मला सोडून सगळ्या गावाला कळलं होतं. आठ वर्षांनी तू पुढच्या वाटेनं गावात पाऊल टाकणार आणि सख्ख्या बहिणीला ते सगळ्यात शेवटी समजणार. असो. मला इतका आनंद झाला की म्हशीची धार काढायची राहिली. ती ओरडायला लागली तेव्हा तुझे दाजी धारेला बसले, आणि ते बसले की ती लाथ मारते हे तुला माहीत आहेच. काल आमच्याकडं चहा बिनदुधाचा झाला.

पण कार्डाच्या तळाला, जागा संपत आली तिथं, तू मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंयस, ‘अक्का, संस्थेची भिंत अजून पांढरीच आहे ना? तेरा तारखेपर्यंत कुणाला हात लावू देऊ नकोस. भिंत पांढरी ठेव. फोटो तिचेच घ्यायचेत.’ ही ओळ वाचून मी आधी मोठ्यानं हसले आणि मग कागद शोधायला लागले. कारण भिंतीची एक बातमी आहे, आणि ती तुला एसटीतून उतरल्यावर दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको. म्हणून माझ्या बालवाडीच्या हजेरीवहीची मागची कोरी पानं फाडून लिहायला बसले आहे. पोरं खाऊ खाऊन आडवी झाली आहेत, तासभर तरी कुणी उठत नाही. मला कुठलीही गोष्ट सरळ सांगता येत नाही, मधेच फाटे फुटतात, असं तू लहानपणापासून मला बोलून दाखवतोस. आज क्रमानं सांगते. तू फक्त मधली पानं सोडून शेवट वाचू नकोस.

आधी पेपरचं. महिन्यापूर्वी गुरुलिंग सरांनी, म्हणजे आपल्या शाळेच्या हेडमास्तरांनी, रविवारची पुरवणी घडी न मोडता वस्तीवर आणून दिली. अर्धं पान तूच. अंगात कोट, आणि कोटाचं वरचं बटण खालच्या काजात. तो कोट कुणाचा घातलास? खांदे तरी तुझे नाहीत. दाढी मला बरी वाटली, पण माय फोटोला नाक लावून बसली होती, ती म्हणाली, ‘पोरगं आजारी हाय का काय, बघ.’ मग मी सगळं मोठ्यानं वाचलं. तू मुंबईत कोर्टाच्या बाहेर फूटपाथवर खडूनं आणि कोळशानं चित्रं काढायचास, रोज सकाळी म्युनिसिपालटीचा टँकर येऊन ती धुऊन टाकायचा, आणि तू रोज पुन्हा काढायचास. एके दिवशी एक बाई त्या टँकरला आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आज एवढ्या फरशा सोडा. त्या बाई गॅलरीच्या निघाल्या. ह्यातलं एक अक्षर तू आम्हाला कळवलं नव्हतंस. तुझी कार्डं म्हणजे ‘मी बरा आहे, मायच्या डोळ्यात औषध घाला’. तुझी चित्रं भिंतीला टांगतात आणि शिकलेली माणसं हात मागं बांधून ती बघतात, हे आम्हाला पेपरातून कळावं ना. वस्तीनं त्या दिवशी सण नसताना शेवया केल्या, आणि मी तीनदा वाचून दाखवलं.

तीनदा वाचलं, पण एक वाक्य तिन्ही वेळा गाळलं. पेपरवाल्यानं तुला विचारलं होतं, तुमच्या प्रत्येक चित्रात एक पांढरा चौकोन असतो तो कशाचा? तू म्हणालास, ‘माझं पहिलं मोठं चित्र माझ्या गावानं पुसलं. तो पांढरा रंग त्या भिंतीचा आहे.’ ते वाक्य मायपुढं वाचायला माझी जीभ रेटली नाही. का, ते पुढं येईलच.

बाकी, तुझी सुरुवात मुंबईच्या फूटपाथवर झाली असं त्यांनी लिहिलंय ते साफ चूक. तुझी सुरुवात तामलवाडीच्या रस्त्याच्या कामावर झाली आणि मी तिथं होते. त्र्याहत्तरचा उन्हाळा. विहिरींचे तळ उघडे पडलेले, जनावरं छावणीत, आणि आपण सगळे दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. सरकारची सुकडी खाऊन खाऊन तोंडाची चव गेली होती. तू सोळा वर्षांचा. रस्त्याची कड आखायला आणलेल्या चुन्याच्या फक्कीतली मूठमूठ उचलून तू जेवणाच्या सुट्टीत रस्त्यावर मुकादम काढलास. पोट पुढं, छत्री काखेत, आणि तोंडावर तो दुपारचा झोपाळू राग. बायांच्या हातातले हातोडे थांबले. मुकादम आला, आपल्याच पोटाकडं बघत उभा राहिला, आणि मला वाटलं आता हा ह्याला कामावरून हाकलतो. तेवढ्यात इंजिनिअर साहेबाची जीप आली. रस्ताभर पसरलेलं चित्र. साहेबानं ब्रेक लावला, बाहेर वाकून बघितलं, आणि जीप खाली धोंड्यांत घातली, पण मुकादमावरून नेली नाही. त्या दिवशी मला कळलं की आपलं पोरगं काहीतरी निराळं आहे. तुला कळलं की नाही कोण जाणे, तू सुकडी कमी वाढली म्हणून माझ्याशी भांडत होतास.

दुष्काळ सरला तरी तुझा रस्ता सुटला नाही. धाराशिवच्या स्टँडबाहेर कोळसा आणि गेरू घेऊन बसायचास, नवरात्रात तुळजापूरला जायचास. देवीला आलेली माणसं चित्राला वळसा घालून पुढं जायची. मग सरकारच्या भिंती मिळायला लागल्या. गावोगाव कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण काढत हिंडायचास आणि उरलासुरला रंग डब्यातून घरी आणायचास. डबे रिकामे झाले की माय त्यांत तिखट भरायची, आणि आपल्या कालवणाला पाहुण्यांनी नाक मुरडलं की आपण दोघं हसायचो.

आता तुळजाबाईंचं सांगते, कारण सगळं त्यांच्यापाशीच येऊन थांबतं. आण्णासाहेबांची बायको. गावातलं सगळ्यात मोठं घर, साठ एकर रान. पण त्या दुष्काळाच्या साली मोठ्या घराची विहीरही आपल्या विहिरीसारखीच कोरडी होती. आण्णासाहेबांनी गावात सांगितलं, बाई माहेरी गेल्यात. आणि बाई तर रोज उजाडायच्या आत दुसऱ्या गावच्या बायांत मिसळून, हनुवटीपर्यंत पदर ओढून खडी फोडायला येत होत्या. असं तेव्हा कितीतरी मोठ्या घरांतून झालं. बायांना ठाऊक होतं, पुरुषांना नव्हतं, आणि बायांनी ते आपल्यातच ठेवलं. तू आमच्याच टोळीत होतास म्हणून तुला कळलं. एका दुपारी त्यांनी आपली अर्धी भाकरी तुला दिली. वरून टाकली नाही, हातात दिली. तू कितीतरी दिवस त्या हाताचंच बोलत होतास.

पुढं शहात्तर साली दूध संस्था निघाली आणि आण्णासाहेब तिचे चेअरमन झाले. आपल्या वस्तीत सरकारी योजनेतून चौदा घरांना चौदा म्हशी आलेल्या. आपलं दूध आणि गावाचं दूध एकाच कॅनमध्ये पडायला लागलं. काही जणांनी तोंडं वाकडी केली, पण आण्णासाहेबांनी ते चालू दिलं नाही. खरं ते खरं म्हणावं. संस्थेच्या रस्त्याकडच्या मोठ्या भिंतीवर काय काढू, असं तू त्यांना विचारलंस. ते म्हणाले, ‘संस्थेत दूध घालणाऱ्या बाया काढ की.’ त्यांच्या डोळ्यांपुढं डोक्यावर घागर घेतलेल्या गोऱ्यापान गवळणी असणार. तू भिंतीपुढं गोणपाटाचा पडदा बांधून अकरा दिवस आत बसलास आणि ह्याच बाया काढल्यास, पण तीन वर्षांपूर्वीच्या, खडीवर बसलेल्या. सतरा जणी. मधोमध माय. प्रत्येकीचं तोंड तिचं तिचं, लुगडी मात्र सगळ्यांची लालभडक, कारण डब्यात उरलेला रंग त्रिकोणाचाच होता.

आणि तुळजाबाईंचा मान राहावा म्हणून तू त्यांच्या तोंडावरून हनुवटीपर्यंत पदर काढलास. तुला वाटलं, तोंड झाकलं की झालं. अरे वेड्या, आपल्याकडं मोठ्या घरातल्या बाईचं तोंड कुणी कधी नीट बघितलंय? सासरा आणि दीर जन्मभर तिला ओळखतात ते हातावरून. भाकरी वाढणारा हात, पाण्याचा तांब्या पुढं करणारा हात. तू तोंड झाकलंस आणि हात उघडा ठेवलास. डाव्या हातात हातोडा, मनगटावर गोंदलेला विंचू, अंगठ्याला चिंधी. विंचू गोंदलेली डावखुरी बाई गावात एकच. काम थोडं राहिलं होतं, पण सरकारी भिंतींची मुदत भरत आली म्हणून तू चार दिवसांत येतो म्हणून लोहाऱ्याला गेलास, आणि तुझी पाठ फिरते न फिरते तोच आण्णासाहेबांच्या धाकट्या भावानं गोणपाट वर करून आत बघितलं. चारचौघांत त्याच्या तोंडून निघून गेलं, ‘ह्या तर वैनी.’

आण्णासाहेब स्वतः वस्तीवर आले. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. आपल्या ओट्यापाशी उभं राहून एवढंच म्हणाले, ‘दिवस मावळायच्या आत भिंत पांढरी दिसली पायजे. न्हायतर उद्यापास्नं वस्तीचं दूध संस्थेत न्हाय.’ चौदा म्हशी, पिराजी. दिवस मावळायच्या आत भिंत पांढरी झाली. तू आलास, रस्त्यावर उभं राहूनच बघितलंस, कुणाला एका शब्दानं विचारलं नाहीस, आणि ज्या एसटीनं आलास ती परत फिरली तेव्हा तिच्यातच बसलास. पुढं दोनदा आलास तेही वस्तीच्या मागच्या वाटेनं, एकेका दिवसापुरता, आणि भिंतीचा विषय निघाला की ताटावरून उठायचास. तुळजाबाईही त्यानंतर वर्षभर दाराबाहेर दिसल्या नाहीत, हे तुला ठाऊक नसेल.

आता बातमी. हातात चहा असेल तर खाली ठेव. मागच्या दिवाळीत मी गावात नव्हते. थोरलीचं दुसरं बाळंतपण तिच्या सासरी लोहाऱ्यालाच झालं आणि मी दोन महिने तिच्याकडं होते. मुलगा झालाय, रडतो अगदी तुझ्यासारखा, कारण नसताना. तर त्यामुळं संस्थेच्या त्या भिंतीला दिवाळीचा चुना द्यायचा राहून गेला. उन्हं तापली तसा जुना चुना सुटत गेला. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी किटली घेऊन गेले तर भिंतीखाली पोपड्यांचा हा ढीग, आणि वर वीतभर जागा उघडी. त्या वीतभरात हातोडा धरलेला डावा हात. मनगटावर विंचू. अंगठ्याची चिंधीसुद्धा, तिच्या गाठीसकट. मी किटली खाली ठेवून जवळ गेले.

बलभीम चुन्याची बादली घेऊन धावत आला. आण्णासाहेब आता चेअरमन नाहीत, पण त्यांचा धाक आहेच. आणि नेमक्या त्याच वेळी तुळजाबाई चरवी घेऊन आल्या. बायांनाही संस्थेचं सभासद करून घेतल्यापासून त्या रोज स्वतः दूध घालायला येतात. रांग बाजूला सरकली. त्यांनी चरवी खाली ठेवली, भिंतीजवळ गेल्या आणि आपला डावा हात त्या हाताशेजारी धरला. कातडी सैल पडलीय, विंचू पसरट झालाय, पण हात तोच. मग बलभीमकडं न बघताच म्हणाल्या, ‘बादली न्हे माघारी. ह्यो हात माजा हाय. म्या खडी फोडली, चोरी न्हाय केली.’ आणि कॅन घासायची काथ्याची घासणी उचलून त्यांनी चित्रातल्या आपल्या कोपरावरचा चुना घासायला सुरुवात केली. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. दुसरी घासणी मी उचलली.

पुढचे चार दिवस गावात कुणाच्या घरी वेळेवर भाकरी झाली नाही. ओली फडकी, नारळाच्या शेंड्या, ज्याला जे मिळालं ते घेऊन बाया भिंतीला भिडल्या. आधी पाय निघाले, मग घमेली, मग एकेक तोंड. कमलबाईचं नाक निघालं तशी ती भांडायलाच उठली, ‘येवढं नाक माजं न्हाय. पिऱ्यानं मुद्दाम केलंय.’ सगळ्यांनी एकदा भिंतीवरच्या नाकाकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि पुन्हा घासायला घेतलं. मथुराबाईला आपण कधी इतक्या बारीक होतो हे खरंच वाटेना. तिनं नवऱ्याला शेतातून बोलावून आणून दाखवलं. नागम्मा जाऊन चार वर्षं झाली. तिची सून आली, सासूपुढं उभी राहिली आणि म्हणाली, ‘आत्याबाईंच्या गळ्यात तवा डोरलं होतं व्हय?’ आणि मग तिथंच बसून रडली. तुळजाबाई घासता घासता मधेच माझ्याकडं वळून म्हणाल्या, ‘जाई, चुना लई सैल हाय गं.’ मी मान खाली घातली.

मायला मी धरून नेलं. तिला आता चित्र दिसत नाही, नुसता लाल रंग दिसतो. मी तिचा हात चित्रातल्या तिच्या गुडघ्यावर ठेवला. तिनं विचारलं, ‘मांडी घातलेली काढलीय का उकिडवी?’ मी म्हटलं, उकिडवी. ‘मग बराबर हाय,’ ती म्हणाली, ‘मांडी घालून खडी फुटत न्हाय.’ पेपरवाल्यानं तुझ्यावर अर्धं पान लिहिलं, पण मला विचारशील तर मायनं जास्त नेमकं सांगितलं. आणि तिसऱ्या दिवशी खुद्द आण्णासाहेब आले, काठी टेकत. सगळ्यांचे हात थांबले, तुळजाबाईंचा नाही. ते ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक बाई बघत गेले आणि शेवटी म्हणाले, ‘ह्यात आमी कुठंच न्हाय व्हय?’ तुळजाबाई वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, ‘तुमी कवा आलता खडीवर?’ आण्णासाहेबांनी मान वर करून छपराकडं बघितलं. मग बलभीमला म्हणाले, ‘वरनं वळचणीचं पाणी येतं भिंतीवर. तिथं पत्रा मार एक.’ दुसऱ्या दिवशी पत्रा लागला.

तर तुमच्या फोटोवाल्याला पांढरी भिंत काही मिळायची नाही. एवढंच कळवायचं असतं तर तार ठोकली असती, भिंत लाल झाली, लवकर ये. पण अजून दोन गोष्टी आहेत, आणि त्या तारेत मावत नाहीत. पहिली अशी की सगळी भिंत घासून झाली तरी पांढरी जागा एक उरलीच. उजव्या अंगाला, अगदी खाली, कॅन ठेवायच्या फळीजवळ. तिथं कितीही घासलं तरी खालून काही निघेना. बाया म्हणायला लागल्या, ‘जाई, समद्या घावल्या, तू कुठं हायस?’ मला ठाऊक होतं. लोहाऱ्याला निघताना तू गोणपाटातून डोकं बाहेर काढून म्हणाला होतास, ‘अक्का, तुला शेवटी काढतो, माघारी आल्यावर, निवांत. घाईत काढलं तर तू जन्मभर भांडशील.’ ती जागा तू पांढरा रंग देऊन माझ्यासाठी तयार करून ठेवली होतीस. घरी येऊन मी पेपर पुन्हा काढला. फोटोत तुझ्या पाठीमागं जे चित्र आहे त्यातला चौकोन बघितला. उजव्या अंगाला, अगदी खाली. तू पेपरवाल्यांना काहीही सांग, पिराजी. भिंत तर सगळी पुसली होती. मग तुझ्या हातून पांढरं नेमकं तिथंच का राहतं?

दुसरी गोष्ट अशी, की ती भिंत गावानं पुसली नाही. मी पुसली. आण्णासाहेब गेले, वस्तीतल्या सगळ्या बाया आपापल्या दारात उभ्या होत्या, कुणी मला कर म्हणेना, कुणी नको म्हणेना. मीच चुना कालवला. पहिला हात मायच्या तोंडावरून फिरवला, कारण तिथून सुरुवात केली नसती तर पुढं माझा हात चालला नसता. मला तुझा रागही आला होता, खोटं कशाला बोलू. चौदा घरांचं दूध तुझ्या एका विंचवापायी बंद पडायला निघालं होतं आणि तू जागेवर नव्हतास. पण चुना कालवताना मी त्यात डिंक घातला नाही. तुला काय सांगायचं, बिनडिंकाचा चुना भिंतीला धरत नाही, हात लावला की सुटतो. तो सुटून चित्र उघडं पडू नये म्हणून दर दिवाळीला आणि दर पाडव्याला मीच एक पातळ हात देत आले, आठ वर्षं. दुसऱ्या कुणाला त्या भिंतीला कुंचला लावू दिला नाही. एकदा सिमेंटचा गिलावा करायचं ठरलं, तेव्हा मी संस्थेच्या दारात बसून इतकी भांडले की जाईला त्या भिंतीचं वेड लागलंय असं गाव म्हणायला लागलं. वस्तीनं सगळं पोटात ठेवलं, कारण केलं ते त्यांच्यासाठी होतं. तुला मात्र मी सांगितलं नाही. तू गावावर रागावलास ते मला सोयीचं पडलं, कारण माझ्यावर रागावला असतास तर मला सोसलं नसतं. तो राग आठ वर्षं आण्णासाहेबांच्या दारात उभा आहे. तो माझा आहे, तेरा तारखेला येताना माझ्या दारात घेऊन ये. सोबत रंगही आण, सरकारी लाल असला तरी चालेल. खडीवरचा माझा हातोडा मी माळ्यावरून काढून घासून ठेवलाय, आणि उकिडवी बसायची सवय आजपासून करते आहे. नाक कसंही काढ, बोलणार नाही. पण हे वाचून तुला वाटलं, की जिनं चित्र पुसलं तिला त्या चित्रात जागा नको, तर तसं माझ्या तोंडावर सांग. ती जागा पांढरीच ठेवू. चुना मीच कालवीन, आणि ह्या वेळी डिंक घालून.

वाट बघते आहे.

तुझीच,
अक्का